झाडू ठेवा, पळी घ्या

पत्र: "कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. आठवी ते दहावी मिळून ९६ मुलं, चार गावांतून येणारी. मुलांकडून काही समाजसेवा करून घ्या असं मुख्याध्यापकांचं सांगणं आहे. गेल्या वर्षी देवळाचं आवार झाडायला घेतलं. पहिल्या शनिवारी साठ मुलं आली, फोटो निघाले. तिसऱ्या शनिवारी सात राहिली. दोन पालक शाळेत येऊन म्हणाले, 'पोरगीला शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही.' निम्मी मुलं बसने येतात, दहावीवाल्यांना एसएसएलसीचं, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेचं, ओझं आहे आणि घरोघर पाठवायचं म्हटलं तर भाषेवरून कोणी काही बोलेल याची धास्ती वाटते. यंदा काय करावं?"
— एक शिक्षिका

बाई, नमस्कार.

त्या दोन पालकांवर रागावू नका, त्यांचं बरोबर आहे. झाडू हातात देताना तो आपोआप मुलींच्या आणि ठरावीक घरांतल्या मुलांच्याच हातात जातो, आणि गावाला ते दिसतं. शिवाय देवळाचं आवार मुलं येण्याआधीही कोणीतरी झाडतच होतं. मुलांनी झाडलं म्हणून दुसऱ्या दिवशी गावात काही बदललं का? नाही. सात मुलं उरली ती आळसामुळे नव्हे. आपण गेलो नाही तरी काही अडत नाही, हे बाकीच्यांनी ओळखलं.

म्हणून यंदा काम निवडताना चार चाळण्या लावा. गावाला त्याची खरोखर गरज असावी. ते आठ आठवड्यांत संपावं. तालुक्याच्या वरची परवानगी लागू नये. आणि दर आठवड्याला एक आकडा हाती यावा, जो मुलांमुळे खाली-वर होतो. शेवटची चाळणी सर्वांत महत्त्वाची, कारण मुलं उपदेशाने टिकत नाहीत, आकड्याने टिकतात.

तुमच्या भागाला आणि तुमच्या विषयाला बसेल असं एक काम आम्ही सुचवतो: डासांच्या अळ्यांचा घरोघर शोध. बसने येणाऱ्या मुलांसाठी दुसरं आहे, ते पुढे येतंच.

आधी एक गैरसमज मुलांच्या आणि गावाच्याही डोक्यातून काढा. डेंग्यूचा डास गटारात होत नाही. गटारातला डास वेगळा. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. गटार उपसून डेंग्यू हटत नाही. तो बॅरल, हौद, गोठ्यातली दगडी डोण, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, परसातलं टायर आणि नारळाची करवंटी यांतून येतो. पाणी दोन-चार दिवसांआड सुटतं त्या गावात साठवण जास्त, म्हणून डासही जास्त.

वेळापत्रक पावसावर आणि शेतीवर बसवा. जुलैत हात लावू नका. तुमच्याकडे तेव्हा पावसामुळे शाळांना सुट्ट्या पडतात, आणि रोप लावणीमुळे घरं दिवसभर कुलूपबंद असतात. जून-जुलैत फक्त तयारी. पहिली फेरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मग दर आठवड्याला एक. गणपतीचा आठवडा सोडून द्या, त्या दिवसांत कोणी येणार नाही आणि यावं अशी अपेक्षाही धरू नका. दसऱ्याच्या सुट्टीआधी सहा फेऱ्या आरामात होतात. फेरी आठवड्यालाच का? अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी भांडं रिकामं होऊन घासलं गेलं तर पिढी पुरी होत नाही. पंधरवड्याने गेलात तर मुलं नुसती मोजत बसतील आणि डास उडून गेलेले असतील.

पहिल्या वर्षी एकच गाव घ्या, शाळेचं. त्याच गावातली सोळा मुलं पुरतात. ९६ जणांना नेलंत तर तो मोर्चा होईल. आठ जोड्या करा, प्रत्येक जोडीत नववीतलं एक आणि आठवीतलं एक. दोन जोड्या राखीव तयार ठेवा, कोणी ना कोणी तापाने पडतंच. प्रत्येक जोडीला सहा घरं, म्हणजे ४८ घरं झाली. एका घराला दहा-बारा मिनिटं धरली तर सव्वा तासात काम उरकतं. वेळ संध्याकाळी पाचची ठेवा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर लगेच गेलात तर निम्म्या दारांना कडी असेल, माणसं रानात असतील. मुलींच्या जोड्यांना त्यांचीच गल्ली द्या, म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही. साडेसहाला सगळे घरात, हा नियम मोडू नका.

सामान प्रत्येक जोडीला एवढंच: एक टॉर्च, आमटीची लांब दांड्याची पळी, एक पांढरी वाटी, वही, आणि शिसपेन्सिल. पेन नको, पावसाचा एक थेंब पडला की शाई पसरते आणि आकडे जातात. बहुतेक वस्तू घरातूनच येतील, खर्च तो काय वह्या-पेन्सिलींचा.

जून-जुलैत प्रयोगशाळेत तालीम करा. एका बाटलीत अळ्यांचं पाणी घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी बांधा, आणि रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं बघू द्या. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडून लटकते, डोकं खाली. काही दिवसांनी ती वाकून स्वल्पविरामासारखी दिसू लागते, ती कोषावस्था. कोष दिसले की उकळतं पाणी ओतून प्रयोग संपवा. शाळेतूनच डास सुटले तर पुढचं सगळं हास्यास्पद होईल. कोणत्या जातीची अळी आहे हे मुलांकडून ओळखून घेण्याच्या भानगडीत पडू नका. अळी आहे की नाही, एवढंच.

बॅरलपाशी मुलं हमखास एक चूक करतात. झाकण काढतात, आत डोकावतात, "काही नाही" म्हणतात आणि पुढच्या घरी जातात. झाकण उघडून उजेड किंवा सावली पडली की अळ्या झटक्यात तळाशी जातात. टॉर्च आत तिरपा धरून एक मिनिट गप्प उभं राहायचं. त्या श्वास घ्यायला वर येतातच. मग पळी कडेकडेने हळूच बुडवायची, मधोमध नाही, आणि पाणी पांढऱ्या वाटीत ओतायचं. पांढऱ्यावर तो काळसर वळवळणारा दोरा लगेच दिसतो. वाटी घरातल्या बाईंना दाखवा. आम्हाला विचाराल तर या मोहिमेतला सगळा प्रचार त्या वाटीत आहे, वेगळी घोषणा लागत नाही.

अळ्या सापडल्या की पाणी ओतून द्या असं मुलांनी सांगायचं नाही. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात दोनशे लिटरचं बॅरल ओतायला सांगणारं पोर पुन्हा दारात उभं राहू शकणार नाही. जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर दुसऱ्या भांड्याच्या तोंडाला बांधून पाणी गाळून घ्या, गाळलेल्या अळ्या कोरड्या मातीत टाका, गटारात नाही. आणि मग खरं काम: रिकामं बॅरल आतून घासायचं. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरडी राहिली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी बदललं की नव्या पाण्यात तीच अंडी फुटतात. "आम्ही तर परवाच पाणी बदललं" म्हणणाऱ्या घरात अळ्या सापडतात त्या यामुळे. घासायचं काम घरच्यांनी करायचं, मुलांनी फक्त दाखवायचं. मोठा सिमेंटचा हौद रिकामा होण्यासारखा नसेल तर आशाताईंना कळवा, अळ्या खाणारे गप्पी मासे सोडण्याची व्यवस्था आरोग्य खात्याकडून होते. पाण्यात टाकायचं औषध मुलांच्या हातात कधीही देऊ नका.

वहीत रकाने सहा: घराचा क्रमांक, पाणी येण्याचा वार, पाण्याची एकूण भांडी, अळ्या असलेली भांडी, कोणतं भांडं, काय केलं. घरमालकाचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की पंचायत दंड करणार अशी आवई उठते, आणि कोणाच्या घरात घाण यावर गल्लीत बोलणी सुरू होतात. क्रमांक तुमच्या नकाशातला ठेवा, घरपट्टीचा नको.

हिशेब मुलांनाच करू द्या. समजा ४८ घरांपैकी ९ घरांत अळ्या मिळाल्या, म्हणजे १८.७५ टक्के घरं. २३० भांड्यांपैकी १४ भांड्यांत मिळाल्या, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास. आणि दर शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, ते १४ भागिले ४८ गुणिले १००, म्हणजे २९. या तिसऱ्या आकड्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात आणि आरोग्य खातंही तो वापरतं. गणिताच्या शिक्षकांना इथे ओढा. हा एक आकडा गल्लीच्या मंडळाच्या फळ्यावर दर रविवारी खडूने लिहायचा, तारखेसह, बाकी काही नाही.

दुसऱ्या फेरीला आकडा वाढेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. डास वाढलेले नसतात, मुलांची नजर तयार झालेली असते. पहिली फेरी सरावाची समजा, तुलना दुसऱ्यापासून. मध्येच पाऊस उघडून पुन्हा लागला तर परसातल्या करवंट्या भरतात आणि आकडा परत उसळतो. अशा वेळी "आपलं काम फुकट गेलं" असं मुलं म्हणतात. पावसाच्या दिवसांची नोंद वहीच्या समासात असली की कारण त्यांचं तेच सापडतं.

बसच्या मुलांकडे येतो. शनिवारी शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंत त्यांच्याकडे जो वेळ असतो, त्यात त्यांनी पंचायतीच्या वाचनालयात, म्हणजे अरिवु केंद्रात, बसून कागद वाचून द्यायचे. सीमाभागातली ही रोजची अडचण तुम्हाला सांगायला नको. कार्यालयातून येणारा कागद कन्नडमध्ये, घरातल्या आजीला येते मराठी, आणि तो कागद कोणीतरी वाचून दाखवीपर्यंत मुदत निघून जाते. हायस्कूलच्या मुलांना कन्नड वाचता येतं. शाळेत तो गुणांचा विषय असतो, त्या टेबलावर त्याचा कोणाला तरी उपयोग होतो.

चार मुलं, दोन टेबलं, एक मोठं माणूस हजर, एवढं पुरे. प्रत्येक कागदातून तीनच गोष्टी काढून मराठीत चिठ्ठीवर लिहून द्यायच्या: कशाबद्दल आहे, शेवटची तारीख कोणती, कुठल्या कार्यालयात काय घेऊन जायचं. त्याआधी कन्नडच्या सरांकडून चाळीस शब्दांची यादी करून घ्या. हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, गंड म्हणजे नवरा, विळास म्हणजे पत्ता, वयस्सु म्हणजे वय, आदाय म्हणजे उत्पन्न, पडितर चीटी म्हणजे रेशनकार्ड, कोनेय दिनांक म्हणजे शेवटची तारीख. सरकारी कागदांत हेच शब्द फिरून फिरून येतात. विळास म्हणजे ऐषआराम नव्हे, हे एकदा कळलं की पोरं पोट धरून हसतात आणि शब्द जन्मभर विसरत नाहीत.

इथे मात्र नियम कडक हवेत, भिंतीवर लावा. कोणाच्या फोनवर आलेला ओटीपी मुलांनी बघायचा नाही आणि विचारायचा नाही. आधार क्रमांक, खाते क्रमांक वहीत उतरायचा नाही. अर्जावर मुलांनी स्वतः काही लिहायचं नाही, सही-अंगठा घ्यायचा नाही. गृहलक्ष्मी या सरकारी योजनेचे पैसे अडकले म्हणून बाई रडत आल्या तरी मुलांनी फक्त कागद वाचायचा, पुढचं पंचायतीतल्या कर्मचाऱ्यांनी. कोर्टाची नोटीस किंवा जमिनीच्या भांडणाचा कागद असेल तर तो मुलांनी वाचायचाच नाही, मोठ्या माणसाकडे द्यायचा. गावातल्या घरांतली गुपितं चौदा वर्षांच्या मुलांच्या कानावर पडू नयेत, ही आपली जबाबदारी.

परवानग्या चार लागतील, सगळ्या लेखी. मुख्याध्यापकांची, पालकांची, पंचायतीच्या पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत, खासगी असेल तर संस्थेच्या बैठकीत विषय नोंदवून घ्या. पीडीओ आणि डॉक्टरांचं पत्र कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा, आणि पोच घ्या. पालकांच्या पत्रात तीन वाक्यं ठळक असू द्या: आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त नाही, झाडू-गटार-नाला यातलं काहीही नाही, अंधारापूर्वी घरी. गेल्या वर्षी आलेल्या त्या दोन पालकांना हे पत्र घरी जाऊन द्या. त्यांच्या मुली नको म्हणाल्या तर आग्रह करू नका.

भाषेची धास्ती आम्ही समजू शकतो, पण दारात गेल्यावर ती फार टिकत नाही. नियम एकच: ज्या घरात जी भाषा, ती मुलांनी बोलायची. तुमच्या गावात मराठीबरोबर कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी घरं असतील, त्याप्रमाणे जोड्या लावा. पहिलं वाक्य पाठ करून घ्या: "काकू, आम्ही हायस्कूलमधून आलोय, पाण्याची भांडी बघायला. आत येऊ का?" फलक, टोपी, झेंडा, कुठल्याही मंडळाचं वा पुढाऱ्याचं नाव यातलं काही बरोबर नको. निवडणूक लागली तर तेवढे आठवडे घरोघर जाणं बंद ठेवा.

पावसाळ्यात जपायचं ते थोडक्यात. पायात बंद बूट, पायाला जखम असेल त्या मुलाने त्या आठवड्यात वही सांभाळायची. टायरच्या किंवा दगडांच्या ढिगात हात घालायचा नाही, साप-विंचू असतात, टॉर्चने बघायचं. कुत्रं असेल तर फाटकातूनच हाक. घरात एकटा पुरुष असेल तर आत जायचं नाही, पुढच्या घरी. फोटो काढायचेच तर वाटीचे आणि फळ्याचे काढा, लोकांच्या न्हाणीघराचे नाही.

दहावीच्या मुलांना दर आठवड्याच्या फेरीत घेऊ नका. ज्यांना आवड आहे त्यांनी जुलैत आठवीच्या मुलांना तालीम द्यावी आणि गणपतीनंतर मोकळं व्हावं. या कामासाठी अंतर्गत गुणांचं आमिष कोणत्याच वर्गाला दाखवू नका. गुणांसाठी आलेलं मूल न गेलेल्या घरांचेही आकडे भरून आणतं, आणि एक खोटी वही सगळ्या फळ्याची लाज काढते. शंका आली तर त्याच संध्याकाळी त्या जोडीच्या सहापैकी दोन घरांत तुम्ही स्वतः पळी घेऊन जा. दर फेरीला कुठल्या ना कुठल्या जोडीची अशी फेरतपासणी होते हे मुलांना माहीत असलं की पुरतं.

सहा फेऱ्या झाल्या की मुलांकडे एक गोष्ट आपोआप उघडी पडेल. ज्या गल्लीत नळाला पाणी रोज येतं तिथे अळ्यांची भांडी कमी, आणि ज्या गल्लीत चार दिवसांनी येतं तिथे जास्त. तेव्हा "बायका निष्काळजी आहेत" हे वाक्य मुलांच्या तोंडून येऊ देऊ नका, वहीत तसं काही लिहिलेलं नाही. वहीत पाण्याचा वार लिहिलेला आहे. हेच घेऊन मक्कळ ग्रामसभेत जायचं. मुलांसाठीची ही ग्रामसभा पंचायतीने दरवर्षी घ्यायची असते, बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या सुमारास होते. तारीख पीडीओंना ऑक्टोबरातच विचारून ठेवा, नाहीतर ती शाळेला न कळताच उरकली जाते.

सभेत दोन मुलांनी बोलावं, एकाने मराठीत, एकाने कन्नडमध्ये, मिळून पाच मिनिटं. सहा फेऱ्यांचा एक तक्ता मोठ्या कागदावर. मागणी एकच ठेवा, उदाहरणार्थ त्या दोन गल्ल्यांना पाणी ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी सुटावं, म्हणजे लोक चारऐवजी दोन बॅरलं भरतील. दहा मागण्या केल्या की पंचायत सगळ्यांना हो म्हणते आणि करत एकही नाही. मागणीचा अर्ज कन्नडमध्ये, शिक्क्याची पोच वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा आणि ती वही पुढच्या जूनमध्ये नव्या आठवीच्या हातात द्या. त्यांची पहिली फेरी त्याच ४८ घरांतून सुरू होऊ द्या, घरांचे क्रमांक बदलू नका.